हं आल्याशिवाय पुढचं नाही

काकांशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझं डोकं फिरायचं. ते एक वाक्य बोलत आणि थांबत. आपण ‘हं’ म्हटलं की दुसरं वाक्य. हं न म्हटलं तर फोन तसाच कानाला धरून बसत. तिकडून त्यांच्या सावेडीच्या फ्लॅटमधल्या पंख्याची घरघर ऐकू येत राही आणि इकडे मी शेडमध्ये, ग्राइंडरच्या आवाजात, ‘हॅलो, हॅलो’ करत ओरडत असे.

‘‘मी आहे,’’ ते शांतपणे म्हणत. ‘‘तुमचा हं आला नाही.’’

भाजीवालीशीही तेच. ‘‘अर्धा किलो गवार,’’ एवढं बोलून उभे राहत. ती हातात तागडी घेऊन बघत राही. ‘‘बरं मग? घालू ना?’’

‘‘हं म्हणा.’’

‘‘हं, बाबा, हं.’’

‘‘कोवळी बघून.’’ की पुन्हा उभे. मागे स्कूटरवर थांबलेल्या बायका पदराआड हसत. काकांना त्याचं काही नसे.

काकू एकदा मला म्हणाल्या, ‘‘लग्न झालं तेव्हा मला वाटलं, ह्यांना कमी ऐकू येतं. मग कळलं, ह्यांना नीट ऐकू येतं. आपलं समोरच्याला पोचलं की नाही, त्याचीच काळजी.’’

आणि उगाच म्हटलेला हं त्यांना चालत नसे. ‘‘कळलं नसेल, पटलं नसेल तर हं म्हणू नका,’’ ते सांगत. ‘‘खोटा हं फार वाईट. पुढचं सगळं त्याच्यावर रचलं जातं.’’

माझा ह्या माणसावर राग आहे. ते गेले, राग गेला नाही. हे लिहितोय तेही तो उतरावा म्हणून नाही.

मी खर्ड्याच्या बाजूचा. नगरला आलो तेव्हा एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोखंडाचा बुरा झाडत होतो. आज त्याच एमआयडीसीत माझी स्वतःची शेड आहे. मधलं सगळं मी घासाघीस करून मिळवलेलं आहे. वेल्डिंग रॉडपासून जागेच्या भाड्यापर्यंत मी कधी पहिला सांगितलेला भाव दिला नाही आणि पहिला मागितलेला भाव घेतला नाही. माझं तोंड गरम आहे, हे मला माहीत आहे. बाजारात त्याचा उपयोग होतो.

बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात मी पत्रा कापायचं एक जुनं परदेशी मशीन उचललं. खाली लांबलचक टेबल, त्यावर रुळांवरून मागेपुढे धावणारा एक आडवा पूल आणि पुलाला लटकलेली, आगीनं पत्रा कापणारी प्लाझ्माची टॉर्च. सांगाडा ठणठणीत होता, पण त्याला चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स पार मेलेलं. पुण्याच्या लोकांनी सांगितलेला आकडा ऐकून मी फोन आपटला. तेव्हा कोणीतरी सांगितलं, सावेडीत एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत, एका मोठ्या कंपनीत असलीच कामं करायचे, जरा तिरपागडे आहेत, पण बघा.

तेच हे काका. स्कूटरवरून आले. पायाशी एक लाकडी स्टूल. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून काम करत नसत. मशीनभोवती एक फेरी मारली, वाकून रूळ बघितले आणि मला म्हणाले, ‘‘होईल.’’ मी हं म्हटलं. मला तेव्हा नियम माहीत नव्हता, सहज निघून गेलं. पुढे म्हणाले, ‘‘तुम्ही द्याल ते घेईन. पण अटी माझ्या.’’

अटी अशा, की काम करताना मागे कोणी उभं राहायचं नाही, शेडमध्ये गाणी लावायची नाहीत आणि ते मशीनशी बोलत असताना त्यांना हाक मारायची नाही. भाव न करणारा माणूस समोर आला की माझे हात शिवशिवतात. मी अटींवरच भाव सुरू केला. ‘‘पोरं गाण्याशिवाय काम करत नाहीत, काका. हळू आवाजात?’’

‘‘नाही.’’

‘‘जेवणाच्या सुट्टीत तरी?’’

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, ‘‘हं.’’

त्यांच्याशी जिंकलेला माझा तो एकुलता एक सौदा.

त्यांनी मशीनला नवीन कंट्रोलर बसवला. वहीएवढा एक डबा. कॉम्प्युटरपासून त्या डब्यापर्यंत एक जाड करडी सिरीयल केबल. कॉम्प्युटरनं केबलमधून एक कमांड पाठवायची, समजा इथून तिथपर्यंत सरळ जा. डबा मोटारींना चालवणार, पूल सरकणार, काम झालं की डबा उलट निरोप पाठवणार, ओके. मग पुढची कमांड. काका स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत आणि ओके आला की स्वतःच मोठ्यानं म्हणत, ‘‘हं. जा आता पुढे.’’ मशीनलासुद्धा ते कधी घाईनं बोलले नाहीत. मला म्हणाले, ‘‘ह्या तारेतून एका वेळी एकच अक्षर जातं. माणसाच्या कानातूनही तेवढंच जातं. लोक उगाच ओततात.’’

मशीन चाललं. पण प्रत्येक कमांडनंतर पूल डोळ्याचं पातं लवेल इतका थबके आणि तेवढ्यात टॉर्चची आग त्याच जागी पत्र्याला डाग देई. सरळ रेषेत ते दिसत नसे. गोल कापायला घेतलं की वर्तुळ म्हणजे शेकडो बारीक रेषा, आणि प्रत्येक रेषेच्या टोकाला एक दात. पहिल्याच गिऱ्हाइकानं चकती माझ्या टेबलावर टाकली. ‘‘शेठ, मी चकती सांगितली व्हती. ही करवत हाय.’’

त्यावर उपाय काय हे मला त्या पुणेवाल्यांच्या माहितीपत्रकातूनच कळलं होतं. बफर. कंट्रोलरच्या पोटात कमांडची रांग लावून ठेवायची. कॉम्प्युटर मागून भरत राहणार, मशीन पुढून उचलत राहणार, कुठे थबकायचं कारणच नाही. मी काकांना म्हटलं, बफर टाका. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, सगळे टाकतात. ते म्हणाले, चला, भजी खाऊ.

एमआयडीसीच्या नाक्यावरच्या हॉटेलात त्यांनी पोऱ्याला एका दमात मिसळ, भजी, वडा, दोन चहा, वर आणखी एक मिसळ असं सांगितलं. काकांना सलग इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो आत ओरडून आला. लगेच काका त्याला म्हणाले, ‘‘ते राहू दे सगळं. नको.’’

‘‘आता सांगून काय उपेग, मालक? आत गेलं समदं.’’

‘‘पण मी नको म्हटलं ना?’’

‘‘मंग हे पन सांगतो की आत. पर आधीचं येनारच.’’

सगळं आलं. काकांनी ते माझ्याकडून संपवून घेतलं. शेवटचा वडा माझ्या घशाखाली उतरेना तेव्हा म्हणाले, ‘‘आपल्या कंट्रोलरमध्ये थांब ही सुद्धा एक कमांडच आहे, शेठ.’’ मी हं म्हटलं. ‘‘तीही रांगेतच उभी राहते.’’ मी हं म्हटलं. ‘‘तिच्या आधीचं सगळं येतंच.’’

शेवटी आम्ही तडजोडीवर आलो. तिला मी सौदा म्हणत नाही, कारण दोघंही नाराज होतो. त्यांनी रांग ठेवली, पण तोकडी. चकती गोल येईल इतकीच. कोणी थांब म्हटलं तर पूल फार तर एक वीतभर पुढे जाईल आणि उभा राहील. शिवाय मोटारींची वीजच तोडणारं लाल बटण होतंच.

आता त्या लाल बटणाची गोष्ट कुठल्याही शेडमध्ये विचारा. ते दाबलं की मशीन जागच्या जागी मरतं, पण आपण कुठे होतो हे विसरतं. पुन्हा चालू केलं की अर्धा कापलेला पत्रा भंगारात. मग मालक ओरडतो. म्हणून कोणीही कामगार लाल बटण दाबत नाही. तो कॉम्प्युटरवरचं एस्केप दाबतो. एस्केप दाबलं की मशीन थांबतं, जागा विसरत नाही, पत्रा वाचतो. माझ्या शेडमध्येही असंच चालायचं, आणि काका ते रोज बघत होते.

पुढे तशीच नवी मशीनं बनवून विकायचं ठरलं. भांडण झालं ते कुलपावरून. रांगेची लांबी हा सेटिंगच्या पानावर लिहिलेला एक आकडा होता. मी म्हटलं, त्या पानाला पासवर्ड टाका, नाहीतर कोणीही बोट घालेल. ते म्हणाले, ‘‘ज्यानं मशीन घेतलं त्याचं ते आहे. कुलूप लावलेली वस्तू मी देत नाही.’’

‘‘आणि त्यानं वाट लावली म्हणजे?’’

‘‘मी आकड्याशेजारी लिहिलंय, वाढवू नये.’’

‘‘वाचतो कोण, काका?’’

त्यांना हे खरंच कळत नसे. आपण लिहिलं म्हणजे समोरच्यानं वाचलं, असं ते धरून चालत. बोलण्यात प्रत्येक वाक्याला हं मागणारा माणूस लिहिण्यात मात्र जगावर एवढा विश्वास कसा टाकत होता, ते मला अजून समजलेलं नाही.

आमची मशीनं खपायला लागली. जिल्ह्यात ट्रॉल्या आणि नांगर बनवणारे पुष्कळ. त्यातलंच एक जामखेडला गेलं, तिथल्या एका ट्रॉलीच्या कारखान्यात. मालकाला सगळे अण्णा म्हणत. सोबत मी एक माणूसही दिला. दत्ता नाव. माझ्या गावाशेजारच्या वस्तीवरचा, घरी बायको, दोन मुली, आणि आभाळाकडे बघत पडलेली जमीन. माझ्या शेडमध्ये त्याला मीच तयार केला होता. काकांचा तो आवडता, कारण न सांगता हं म्हणायचा.

अण्णांना वेग हवा होता. त्यांनी परस्पर पुण्याहून एक टेक्निशियन बोलावला. त्यानं पान उघडलं, आकडा दिसला, शेजारची ओळ दिसली की नाही देव जाणे, आणि आकडा वाढवून ठेवला. मशीन खरंच पळायला लागलं. दत्ता त्या दिवशी सुट्टीवर होता. दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा त्याला कोणी काही सांगितलं नाही.

पत्रा कापताना कधी कधी कापलेला तुकडा पडत नाही, उभा राहतो. टॉर्च त्याच्यावर जाऊन आदळणार हे दिसत असतं. त्या वेळी दत्ता जे करायचा तेच त्यानं केलं. नंतर दवाखान्यात मला म्हणाला, ‘‘लई येळा केलंय तसं, भाऊ. एस्केप दाबायचं आन् हातानं तुकडा खाली ढकलायचा. थांबायचंच ते. त्या दिशी थांबलं न्हाई.’’

पोटात लांबलचक रांग होती. दत्ताचा थांब तिच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. पूल त्याच्या पुढच्या सगळ्या कमांड नीट पार पाडत आला. उजव्या हाताचा अंगठा राहिला. बाकीचं डॉक्टरांनी काढून टाकलं.

मी जामखेडला गेलो ते भांडायला नाही, सौदा करायला. मला दत्तासाठी एकच गोष्ट हवी होती, की अण्णांनी त्याला कायम नोकरीवर ठेवावं. गेटवर, स्टोअरला, कुठेही. बारकं काम, पण पोरी शिकतील असं. अण्णा माझ्याच जातकुळीचे, घासाघिशीत पिकलेले. म्हणाले, ‘‘हे बघा शेठ. मशीन तुमचं, मानूस तुमी दिलेला. माजा काय संबंध? मी तर पत्रा दिला फकस्त.’’

‘‘आकडा कोणी वाढवला?’’

‘‘आकड्यानं काय व्हतंय? आकडा म्हंजे काय कोयता हाय का?’’

म्हणून मी पुढच्या खेपेला काकांना घेऊन गेलो. गाडीत त्यांना बजावलं, ‘‘तुम्ही फक्त दाखवायचं. बोलायचं मी.’’ ते हं म्हणाले. ह्या हंवर मी विसंबलो.

मशीनपाशी कारखान्याची माणसं जमली. दत्ताही आला होता, पांढऱ्या पट्ट्यांचा हात छातीशी धरून, लांब, दारापाशी. काकांनी बाहेर उभ्या असलेल्या ट्रॉलीतून उसाचं एक कांडं आणवलं आणि ते रुळाशेजारी, दत्ताचा हात होता तिथे बांधलं. टॉर्च बंद ठेवून मशीन सुरू केलं आणि अण्णांना म्हणाले, ‘‘एस्केप तुम्ही दाबा.’’ अण्णांनी दाबलं. पूल थांबला नाही. सावकाश, शहाण्यासारखा चालत आला आणि कांड्यावरून गेला. रस रुळावरून खाली गळत राहिला.

मग काकांनी सेटिंगचं पान उघडलं, आकडा पूर्वीचा केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. कांड्याच्या जागी त्यांनी स्वतःचा उजवा हात ठेवला.

‘‘काका!’’ मी ओरडलो.

‘‘दाबा,’’ ते अण्णांना म्हणाले.

अण्णांनी जे बोट आपटलं ते अजून माझ्या कानात आहे. पूल हातापासून थोडा अलीकडे उभा राहिला. काकांनी लगेच हात काढला नाही. ते दारातल्या दत्ताकडे बघत होते. दत्ता मान खाली घालून बाहेर गेला.

ऑफिसात कारखान्याची चार माणसंही मागोमाग आली. अण्णांनी घाम पुसला, चहा मागवला. असं मऊ पडलेलं गिऱ्हाईक मी लांबून ओळखतो. ‘‘ठेवतो दत्ताला,’’ ते म्हणाले. ‘‘ष्टोअरला बसंल. आपलाच मानूस हाय. लिवून देतो पायजे तर.’’ मी कागद पुढे सरकवला. तेवढ्यात चहा आला. अण्णांनी बशी उचलली आणि सहज, अगदी सहज विचारलं, ‘‘काका, येक इचारू? त्यो आकडा कुनालाबी बदलता येतो?’’

‘‘येतो.’’

‘‘कुलूप न्हाई त्याला?’’

‘‘नाही.’’

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दाबला.

‘‘घालता आलं असतं?’’

‘‘आलं असतं. शेठ सांगत होते. मी घातलं नाही.’’

अण्णांनी बशी खाली ठेवली. आता ते पुन्हा अण्णा झाले होते. ‘‘आन् पोरं लाल बटन सोडून ह्ये एस्केपच दाबत्यात, ह्ये ठावं व्हतं तुमाला?’’

‘‘होतं.’’

‘‘मंग काका, चूक कुनाची म्हनायची?’’

मी मध्ये पडलो. म्हटलं, अण्णा, आकडा तुमच्या माणसानं वाढवला, विषय तिथे संपतो. पण अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. काकांना प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर दिल्याशिवाय प्रश्न सोडणं त्या माणसाला जमतच नव्हतं.

‘‘तुमच्या माणसाची आहे,’’ ते म्हणाले. थांबले. अण्णा लगेच म्हणाले, ‘‘हं?’’

‘‘माझी पण आहे.’’

अण्णांनी माझा कागद उचलला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. ‘‘ऐकलं का शेठ? साक्षीदार हायेत हितं चार. बनवनारा सोता म्हनतोय. आता नोकरी मी का द्यायची? तुमी द्या.’’

परतीच्या वाटेवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच, की ‘‘एक शब्द गिळला असता तर तुमचं काय गेलं असतं?’’ काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, ‘‘मला माहीत होतं, शेठ.’’ आणि थांबले.

मी हं म्हटलं नाही. नगर येईपर्यंत ते पुढचं वाक्य बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले, स्टूल स्कूटरवर ठेवलं आणि गेले.

दत्ताच्या घरी निरोप घेऊन मलाच जावं लागलं. दत्ता ओट्यावर बसून होता, डाव्या हातानं तंबाखू मळायला शिकत होता. त्याच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘खरं बोलले म्हनं तुमचे काका. लई चांगलं झालं. आता त्ये खरं चुलीवर ठिवू का?’’

ह्यावर काकांकडे काय उत्तर होतं, ते मला कधीतरी विचारायचं होतं. खरं बोलणाऱ्याला खरं बोलल्याचं समाधान मिळतं. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरायची, हा कुठला हिशेब? मी आयुष्यभर खोटं बोललो नाही असं म्हणणार नाही, पण माझ्या खोट्यानं कोणाच्या पोरींची शाळा सुटली नाही. त्यांच्या खऱ्यानं थोरलीची सुटली.

त्यानंतर त्यांनी आणखी एक उद्योग केला. आम्ही विकलेल्या एकेका मशीनपाशी एसटीनं जायला लागले. पिशवीत पक्कड, सोल्डरिंगची बंदूक, वायरचं वेटोळं. प्रत्येक मशीनला त्यांनी थांब म्हणायला एक वेगळी वायर दिली. केबलमधून नाही, रांगेतून नाही, परस्पर. तिच्या टोकाचं बटण दाबलं की पूल जागच्या जागी उभा, आणि जागाही विसरत नाही. हे आधी का केलं नाही, ते मी विचारलं नाही. स्वतःला त्यांनी किती वेळा विचारलं असेल ते काकूंना माहीत. मला फोन यायला लागले. ‘‘शेठ, तुमचे म्हातारे आले व्हते. च्या पन घेतला न्हाई. वायर लावली, आन् त्या जामखेडच्या मानसाचा हात कसा गेला ते समद्या पोरांना सांगून गेले.’’ प्रत्येक ठिकाणी सांगून गेले. चूक माझी पण आहे, हेही सांगून गेले. पुढची ऑर्डर कोण देतो मग? माझ्या शेडमध्ये गाणी दिवसभर लागायला लागली, कारण मशीनं बनतच नव्हती.

दत्ताला मी तेव्हाच माझ्याकडे का घेतलं नाही, असं लोक विचारतात. मी घेतला असता तर अण्णा त्याच दिवशी मोकळे झाले असते. मी वकील लावला, जामखेडच्या खेपा घातल्या, गोड बोललो, शिव्या दिल्या. अण्णांनी दर वेळी काकांचं ते वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. शेवटी मी नाद सोडला आणि दत्ताला नगरला बोलावून स्टोअरला बसवला. डाव्या हातानं लिहितो. नट-बोल्टचे खण त्यानं असे लावलेत की डोळे मिटून सापडावं.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. काकांना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

सावेडीच्या त्या फ्लॅटमध्ये मी बऱ्याच काळानं पाय ठेवला. पंखा तसाच घरघरत होता. खिडकीजवळच्या पलंगावर काका उशांना टेकून होते आणि लाकडी स्टुलावर औषधं ठेवलेली. काकू म्हणाल्या, ‘‘सगळं कळतं त्यांना. बोलता मात्र एवढंच येतं.’’

‘‘काय?’’

‘‘बोला तुम्ही. कळेल.’’

मी म्हटलं, ‘‘काका, मी आलोय.’’

‘‘हं,’’ काका म्हणाले.

एवढंच उरलं होतं त्यांच्यापाशी. आयुष्यभर दुसऱ्यांकडून मागितलं ते. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी रागीट माणूस आहे, पण त्या दिवशी मी त्यांच्या पद्धतीनं बोललो. एक वाक्य, मग थांबायचं.

‘‘कुलूप घाला, असं मी सांगितलं होतं.’’

‘‘हं.’’

‘‘तुम्ही घातलं नाही.’’

‘‘हं.’’

‘‘अण्णा कागदावर सही करणार होते.’’

‘‘हं.’’

डावा डोळा माझ्यावर रोखलेला होता, स्वच्छ, जागा. त्यांना प्रत्येक शब्द पोचत होता. माझ्या मनात सगळं लावून ठेवलेलं होतं. आता एकच वाक्य, ते त्यांनी घेतलं की मग शेवटचं. शेवटचं होतं, की दत्ता माझ्याकडे आहे, स्टोअरला, थोरली पुन्हा शाळेत जाते. ते सांगायलाच तर मी आलो होतो. पण त्याआधीचं त्यांच्याकडून घ्यायचं होतं. फुकट मी काही देत नाही, कधी दिलं नाही.

मी म्हटलं, ‘‘त्या दिवशी तुम्ही गप्प बसायला हवं होतं.’’

काका माझ्याकडे बघत राहिले.

मी थांबलो. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावरून रिक्षा गेली. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. त्यांचे ओठ हलले नाहीत. नजरही हलली नाही. पटलं नसेल तर हं म्हणू नका, हा नियम त्यांचाच.

काकू चहा घेऊन आल्या. मी चहा घेतला, उठलो आणि निघालो. पुढचं वाक्य मी बोललो नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी गिऱ्हाइकाबरोबर होतो. तेराव्याला दत्ता म्हणाला, ‘‘मी बी येतो, भाऊ.’’ आम्ही दोघं गेलो. माणसं फार नव्हती. काकूंनी दत्ताला ओळखलं, हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाल्या, ‘‘बाबा रे, त्यांनी अंथरुणावरून, डाव्या हाताचा नुसता अंगठा उभा करून, तुझी खूण करून किती विचारलं. कोणालाच सांगता येईना. काय करतोस तू आता?’’

‘‘बरं हाय, काकू. भाऊंकडंच हाय. ष्टोअरला. पोरी बी शाळेत जात्यात.’’

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

‘‘त्या दिवशी आला होतात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा हे त्यांना सांगितलं होतंत ना?’’

आणि थांबल्या. त्या घराची सवयच ती.